करडा पाईप, काळा पाईप आणि बाळंतिणीचं कढत पाणी

जगातलं सगळं मला येतं. गाणं येतं, पोहणं येतं, नळाची कामं तर डोळे मिटून येतात. एकदा डोळे मिटून केलंही होतं. तेव्हापासून शेजारी मला त्यांच्या मोरीच्या आसपास फिरकू देत नाहीत. पण काम येत नसलं तरी कामाची गोष्ट सांगता येते, आणि ऐकणाऱ्यालाही काम येत नसलं म्हणजे ती छान रंगते.

तर फार फार पूर्वी, कावळ्यांनी अजून कुठला रंग घ्यायचा ते ठरवलं नव्हतं तेव्हा, एक गाव होतं. त्या गावात प्लास्टिकचे पाईप होते. हसू नका. तुम्ही होतात का तिथे? मग ऐका.

गावाला गोड्या पाण्याची एकच विहीर, आणि विहिरीला लागून एका विणकराचं घर. विणकराची बायको वारली होती. एकुलती एक लेक दोन डोंगरांपलीकडे दिलेली. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. विणकराने ठरवलं, लेकीसाठी परसात न्हाणी बांधायची.

गावचा पाटील म्हणाला, "बांध बाबा. पण न्हाणीचं पाणी विहिरीवरून पुढे केळींकडे जाणार. विहिरीत एक थेंब उतरला, तर न्हाणी त्याच दिवशी बुजवीन. मग लेकीला सासरी धाडायचं. चालेल?"

"चालेल," विणकर म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

करडे, ताठ पाईप बाजारातून आणले ते विहिरीच्या काठापर्यंतच पुरले. पुढे विहिरीला वळसा घालायचा होता. तिथे रानात पाणी न्यायचा काळा पाईप घेतला. तो वेटोळं करून मिळतो, वाकवू तसा वाकतो. आता एकच सांधा उरला. करडा आणि काळा, आणि तोही नेमका विहिरीच्या काठाशी.

सांध्यासाठी पंचक्रोशीतला नामांकित नळवाला बोलावला. त्याच्या काखेत सोल्युशनचा डबा, आणि मिशीत हसू. त्याने काळ्या पाईपचं तोंड विस्तवावर शेकून रुंद केलं. करड्याचं टोक घासलं, ब्रशने सोल्युशन फासलं, टोक काळ्याच्या तोंडात दाबलं, थोडं पिळलं, आणि वाळेपर्यंत तसंच धरून ठेवलं.

पोरी-बाळींची बाळंतपणं करणारी म्हातारी सुईण न्हाणी बघायला आली होती. तिला प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायची खोड. (अशी खोड तुम्हालाही आहे, नाहीतर इथवर वाचलं नसतं.)

"हा डिंक आहे होय रे?" तिने विचारलं.

"डिंक? आजी, डिंक लाडवात घाला. याने पाईप विरघळतात. हा थोडा विरघळतो, तो थोडा विरघळतो, दोघं एकमेकांत मिसळतात आणि वाळले की एकच होतात. मग देव आला तरी सुटत नाहीत."

"करडा विरघळतो ते कळलं. काळाही विरघळतो का?"

"माझ्या डब्यापुढे सगळं विरघळतं."

"पाहिलंयस?"

"आजी, तुम्ही पाळणा बघा."

मग नळवाल्याने पाईपचं खालचं तोंड बोळ्याने बंद केलं, वरून काठोकाठ पाणी भरलं, आणि पाण्याच्या रेघेवर खडूची खूण केली. सावली अंगणातून ओसरीवर चढली, तरी पाणी खुणेवरून केसभर हललं नाही. पाटलाने मान डोलावली. खड्डा बुजवला. नळवाल्याला हार घातला. हार मोठा होता आणि नळवाला लहान. पण त्याला वाटलं, हारच लहान पडला.

लेक आली. तिला मुलगी झाली, नाकीडोळी नीटस. सुईण रोज सकाळी येई, बाळाला आणि बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घाली. धुरी, शेक, सगळं यथासांग. विणकर ओसरीवर बसून नुसता हसे. हातमागावर त्याचे दोरे चुकत, तरी हसे.

आठव्या दिवशी विहिरीतला बेडूक पायऱ्या चढून वर आला आणि थेट पाटलाच्या बैठकीत जाऊन बसला.

"पाटील, एक शंका आहे. विहिरीला कुणी शिकेकाईने न्हाऊ घालतंय का?"

"काय बरळतोस?"

"रोज सकाळी पाण्याला शिकेकाईची चव येते. माझे तर डोळे चुरचुरतात. बायको म्हणते, कांती मात्र सुधारली."

पाटलाने विहिरीचं पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. तो तडक विणकराच्या दारी आला.

"उद्या दुपारी न्हाणी बुजवणार. लेकीची गाडी जुंपून ठेव."

"पाटील, आठ दिवसांची बाळंतीण! दोन डोंगर! वाटेत काही झालं तर?"

"गावात तीनशे माणसं हे पाणी पितात. त्यांना काही झालं तर?"

दोघांचंही खरं होतं. म्हणून दोघंही ओरडत होते.

दुसऱ्या दिवशी नळवाल्याला बोलावलं. सांध्यावरची माती उकरली. माती ओली होती. सगळ्यांनी "हाऽऽ" केलं. नळवाल्याने शांतपणे बोळा घातला, घागरीने पाणी भरलं, खडूची खूण केली. सगळे वाट बघत बसले. खूण हलली नाही. सांधा कोरडा ठणठणीत.

"बघा!" नळवाला म्हणाला. "माझा सांधा कसा गळेल? पाणी वरून कुणीतरी सांडतंय. न्हाणीत पाणी कोण ओततं ते मी सांगायला नको."

सगळे सुईणीकडे बघू लागले.

सुईण चिडली नाही. तिच्या डोळ्यांत भलतंच कुतूहल चमकलं. "पाणी मीच ओतते. पण मला सांगा, तुमच्यापैकी कुणी मला ओतताना पाहिलंय?"

"छे, छे!" पाटील कानाला हात लावत म्हणाला. "बाळंतिणीच्या न्हाणीत पुरुष कसा डोकावेल?"

"तेच म्हणते मी. मग तुम्हाला कसं ठाऊक असणार? मी तिला घागरीतल्या गार पाण्याने न्हाऊ घालते, असं वाटलं का तुम्हाला? बाळंतीण आहे ती, म्हैस नाही. बंबातलं कढत पाणी लागतं. आता मी रोज ओतते तसं ओतून बघू."

"त्याने काय होणार?" नळवाला म्हणाला.

"मला तरी कुठे ठाऊक? म्हणून तर बघायचं."

बंब पेटवला. बोळा काढला. सुईण न्हाणीत, आणि बाकी सगळे सांध्याभोवती पालथे पडले. पाटीलसुद्धा धोतर सावरून. बेडूक पाटलाच्या पगडीवर बसला, कारण तिथून चांगलं दिसत होतं.

पहिला तांब्या. काही नाही. चौथा. काही नाही.

सातव्या तांब्याला काळ्या पाईपच्या ओठावर नथीच्या मोत्याएवढा एक थेंब आला. आठव्याला दोन. दहाव्याला चक्क धार लागली, आणि शिकेकाईचा वास सुटला.

"गार ओता!" पाटील ओरडला. गार ओतलं. हळूहळू धार थेंबावर आली, आणि थेंब थांबला.

"कढत!" पुन्हा धार.

"मी ओततो, मी ओततो!" म्हणत पाटलाने तांब्या हातात घेतला. आपण न्हाणी बुजवायला आलोय हे तो पार विसरला. चारदा कढत, चारदा गार. शेवटी विणकराच्या लेकीला घरातून ओरडावं लागलं, "काका, माझ्या आंघोळीला थोडं ठेवा!"

नळवाल्याने सांधा ओढला. करडा पाईप सहज बाहेर आला. त्याच्या टोकावर सोल्युशन गच्च बसलेलं. काळ्याच्या तोंडात मात्र ते दुधाच्या सायीसारखं सुटलं होतं. नखाने धरताच अख्खं निघालं, आणि खाली काळा पाईप जसाच्या तसा गुळगुळीत.

त्याने दोन्ही पाईपांचा एकेक तुकडा कापून सोल्युशनच्या डब्यात टाकला. सगळ्यांची जेवणं होईपर्यंत तो डब्यापाशी बसून राहिला. जेवून सगळे आले, तेव्हा करडा तुकडा गुळासारखा मऊ झाला होता. काळ्याला काहीसुद्धा झालं नव्हतं.

"हा विरघळतच नाही," नळवाला पुटपुटला. "शिवाय कढत पाण्याने करड्यापेक्षा जास्त फुगतो. तोंड ऐसपैस होतं. गार झाला की पुन्हा आवळतो. मी गार पाण्यानेच तपासत राहिलो."

"आता?" विणकराने विचारलं. त्याच्या आवाजात गाडीची चाकं वाजत होती. दुपार टळायला आली होती.

नळवाल्याने मिशी चाचपली, तिचा पीळ उतरला होता.

तेव्हा सुईण म्हणाली, "मी बाळंतिणीचं पोट बांधते ना, ते काही चिकटवत नाही. पट्टा बांधते. घट्ट धरतो, पण श्वास घेतला की जागाही देतो. फार आवळला तर ती ओरडते, सैल सोडला तर उपयोग नाही."

नळवाल्याने तिच्याकडे पाहिलं. मग तो ताडकन उठला. काळ्याचं रुंद केलेलं तोंड त्याने कापून टाकलं. दोन्ही टोकं समोरासमोर आणली आणि मध्ये बोटभर फट ठेवली, फुगायला. दोघांवरून जाड रबराची बाही चढवली. करड्याच्या बाजूने एक लोखंडी पट्टी, काळ्याच्या बाजूने दुसरी, आणि दोन्हींचे स्क्रू बेताने पिळले. सोल्युशनचा डबा उघडलासुद्धा नाही.

मग बंब पुन्हा पेटला. वीस तांबे कढत, वीस गार. काळा फुगला, आकसला. रबर त्याच्याबरोबर ताणलं, आवळलं. माती कोरडी राहिली. बोळा घालून खडूचीही परीक्षा झाली. खूण हलली नाही.

विहिरीतलं पाणी उपसून काढलं. झऱ्याने ती पुन्हा भरली, तेव्हा बेडकाने चव घेतली आणि तोंड वाकडं केलं. "गोड आहे. कांती आता पुन्हा पूर्वीसारखी होणार."

पाटलाने गाडीचे बैल सोडायला सांगितले. विणकराची लेक सव्वा महिना माहेरी राहिली आणि गुटगुटीत होऊन सासरी गेली.

या गोष्टीचा बोध मी सांगणार होतो, पण नळवाल्याने तो माझ्याआधी पारावर उभं राहून, मिशीला पीळ देत सांगून टाकला: "जो विरघळत नाही त्याला विरघळवायला जाऊ नये, दोघांना सामावेल असं लवचीक काही मध्ये घालून बेताने धरावं."

सुईण खालून म्हणाली, "वा रे शहाण्या! आता घरी जा, आणि हेच तुझ्या बायकोसमोर म्हणून दाखव."