सरकारांचा एकुलता इंग्रजी शब्द

भोगेवाडीच्या सरकारांना इंग्रजी शिकवायला मास्तर ठेवला होता, पण तो दुसऱ्याच दिवशी पळाला. त्यामुळे सरकारांना शब्द एकच आला, 'बॅड'. येता-जाता ते तोच वापरू लागले. आमटी बॅड, घोडा बॅड, कालचं कीर्तनही बॅड. दरबारात कुणालाच काही उमजेना. सरकार फौजदारांनाही 'बॅड' म्हणाले, तेव्हा त्यांना तर ती पदवीच वाटली. त्यांनी गावभर पेढे वाटले आणि दारावर 'बॅड फौजदार' अशी पाटी लावली.

शेवटी चिमणाजीपंत चिटणीसांनी भर दरबारात अर्थ विचारला.

"बॅड म्हणजे वाईट," सरकार म्हणाले.

फौजदारांचा चेहरा पाहून पंतांना हसू आवरलं नाही. सरकार भडकले.

"हसता काय? आता हाच शब्द घालून आमच्याविषयी एक वाक्य बोला. ते खोटं निघालं किंवा आमचा अपमान झाला, तर आजच्या आज संस्थानातून चालतं व्हायचं."

पंतांनी मुजरा केला. "आमचे सरकार बॅड असते, तर या वाक्यासाठी त्यांनी मला हद्दपार केलं असतं."

सरकारांनी हुकूम द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग ते फौजदारांकडे वळले.

"तुम्ही आधी ती पाटी काढा."