भोपळ्याची वेल आणि रानतुळस

झाडं-वेली उघड उघड भांडायच्या, त्या काळची गोष्ट. एका परसात जुनी रानतुळस होती. तिच्या शेजारी त्या वर्षी भोपळ्याची वेल उगवली. वेलीची फुलं वाटीएवढी, पिवळीधमक. पण मधमाश्या आधी तुळशीच्या मंजिऱ्यांवर जात आणि मगच तिच्याकडे वळत. वेलीला हे फार झोंबलं.

"या मावशीची फुलं मोहरीएवढी, आणि पहिला मान तिला!" म्हणत तिने आपली रुंद पानं तुळशीवर पसरली.

"अगं, ऊन तरी येऊ दे," तुळस म्हणाली. वेलीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

सावलीत मंजिऱ्या वाळल्या, वास विरला. वेल रोज सकाळी नटूनथटून बसे, पण कुणी फिरकेना. तिचे कोवळे भोपळे गळू लागले, तशी ती घाबरली. एक भुंगा चुकून आला, त्याला तिने विचारलं, "तुम्ही सगळे रुसलात का रे?"

"रुसतोय कोण? तुळशीचा वास आला की आम्हाला लांबून परस सापडायचं. आता वासच येत नाही."

वेल खजील झाली. तिने शेंडा कुंपणाकडे वळवला आणि तुळशीवरची पानं एकेक करून गाळली. मंजिऱ्या पुन्हा आल्या, मागोमाग मधमाश्याही. उरल्या हंगामात वेलीला एकच भोपळा धरला, पण चांगला घागरीएवढा.

थंडी सरता सरता वेल सुकली. जाताना तिने भोपळ्यातल्या बियांना सांगितलं, "पोरींनो, मावशीच्या शेजारीच रुजा. फक्त तिच्या वाट्याच्या उन्हात पाय पसरू नका."