रातांब्याचे लोणी आणि राजाचा हात

एका राज्यात विरजसेन नावाचा राजा होता आणि त्याचे हात फार मऊ होते. त्या हातांनी कधी तलवार धरली नव्हती, कुऱ्हाड तर नाहीच नाही. तोंडाने हुकूम देता येतो, मग हात कशाला मळवायचे, असे त्याचे साधे म्हणणे होते. प्रजाही म्हणत असे, आमच्या राजाचे हात पाहा, कसे लोण्यासारखे. प्रजेला काय, कशाचेही कौतुक असते.

राज्याच्या वेशीवर रातांब्याचे एक जुने झाड होते. रातांबा म्हणजे ज्याच्या फळाच्या सालीची आमसुले होतात तोच. पण हे झाड इतके अवाढव्य होते की त्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याचा संसार होता. धनेशाची रीत अशी, की अंडी घालायच्या वेळी मादी ढोलीत शिरते, दार चिखलाने लिंपून घेते, आणि एका फटीतून नर भरवील त्या फळांवर राहते. तिची पिसे झडतात. पिल्ले मोठी होईपर्यंत तिला बाहेर येता येत नाही.

एका मांत्रिकाने राजाच्या कानात सांगितले, की त्या झाडाच्या मुळांखाली सोन्याचे हंडे आहेत, पण ते शापित आहेत. राजाला हंडे ऐकू आले, शाप ऐकू आला नाही. तो वेशीवर गेला आणि पालखीतून न उतरता त्याने बोट दाखवले. "ढोलीत कुणीतरी आहे, महाराज," लाकूडतोडे म्हणाले. राजाचे बोट खाली आले नाही. झाड पडले, हंडे निघाले, लाकडाचे सिंहासन झाले. नर धनेश चोचीत फळ धरून परतला तेव्हा भरवायला कोणी उरले नव्हते.

तो राजवाड्याच्या कळसावर येऊन बसला आणि माणसाच्या वाणीने बोलला.

"राजा, माझ्या घराची साल तू सोललीस. ती साल तुझ्या घरात येईल."

राजाने आपले हात उलटेसुलटे करून पाहिले. हात होते तसेच होते. तो हसला आणि जेवायला गेला.

साल आली ती त्याच्या मुलीला. राजकन्या मंजिष्ठा सकाळी उठली तेव्हा तिचे पाय झाडाच्या बुंध्यासारखे खडबडीत झाले होते. वैद्यांनी चंदन लावले, मांत्रिकांनी भस्म लावले. साल गुडघ्यावर चढली, मग कमरेवर. ती गळ्याशी पोचली की श्वास थांबणार, हे सगळ्यांना दिसत होते.

मंजिष्ठेला आई नव्हती. जन्मल्या दिवसापासून तिला न्हाऊमाखू घातले होते ते येसाक्काने. राजवाड्यातली तेले, उटणी, अंगाला लावायची लोणी, सगळे तिच्याच हातचे. त्या पोरीच्या अंगावरचा तीळ न् तीळ तिला ठाऊक होता. ती कोणाला न विचारता वेशीवर गेली. तोडलेल्या बुंध्यावर धनेश बसला होता.

"पक्षिराजा, पोरीचा काय दोष?" येसाक्काने विचारले.

"माझ्या पिल्लांचा काय होता?"

येसाक्का बुंध्यापाशी बसली आणि त्या पिल्लांसाठी पोटभर रडली. आपल्यासाठी आलेले रडणे पक्ष्याने पहिल्यांदाच पाहिले असावे, कारण तो खाली उतरला.

"तीन गोष्टी कराव्या लागतील," तो म्हणाला. "ढोलीखाली बियांचा ढीग आहे. मी भरवलेली फळं खाऊन माझ्या बायकोने या बिया बाहेर टाकल्या. या झाडाच्या दुसऱ्या बिया आता पृथ्वीवर नाहीत. अर्ध्या घे, त्यांचं लोणी काढ. अर्ध्या मातीला दे, म्हणजे झाड परत येईल. दुसरं, याच झाडाच्या लाकडाची राख. ती घालून अंग घासायची वडी कर. तिसरं, ज्याने हुकूम दिला त्याचा हात. त्या हाताने वडी घासली, लोणी चोळलं, की शाप संपला. दुसऱ्या कुणाच्या हाताने घासलं, तर साल त्या हातावर जाईल."

"आणि राजाच्या हाताचं काय होईल?"

"ते त्याचं त्याने पाहावं."

येसाक्काने ओटीत बिया भरून आणल्या. अर्ध्या गाडग्यात झाकून ठेवल्या, अर्ध्या उन्हात वाळवल्या. मग त्या फोडल्या, आतला गर कुटला, पाण्यात घालून मंद आचेवर रटरटू दिला. वर तरंगलेले तेल काढून निवत ठेवले, तेव्हा त्याचे पांढरट लोणी झाले. ते मुठीत दाबून गोळा करतात, म्हणून बायका त्याला मुठेल म्हणतात. दाबणाऱ्याची बोटे त्यावर जशीच्या तशी उमटतात.

राखेसाठी राजाने सिंहासनाचा एक पाय तोडून दिला, तोही कुरकुरत. सिंहासन कलले, राजा कलला, आणि दरबारी मंडळी माना तिरप्या करून बसू लागली. त्या राखेत येसाक्काने मसुराचे भरड पीठ घातले, नागरमोथा घातला, संत्र्याची वाळलेली साल कुटून घातली, सगळे लोण्यात मळून वड्या थापल्या.

मग तिने राजाला धनेशाचे तिसरे बोलणे सांगितले. राजाने दोन्ही हात शालीत घेतले.

"माझ्या हाताने काही केलेलं नाही. कुऱ्हाड लाकूडतोड्यांची होती."

"हुकूम आपला होता, महाराज."

"हुकूम तोंडाचा. हाताचा काय संबंध?" राजा म्हणाला, आणि मग जरा हळू म्हणाला, "येसाक्का, तू तर तिला रोजच चोळतेस."

साल तेव्हा मंजिष्ठेच्या गळ्याखाली चार बोटांवर होती. राजाला समजावत बसायला येसाक्काकडे वेळ नव्हता, आणि हे राजाला पक्के माहीत होते. तिने न्हाणीघराचे दार लावले आणि वडी हातात घेतली.

वडी फिरेल तिथली साल सुटत गेली. खाली मंजिष्ठेची कातडी निघाली, लालसर आणि नाजूक. येसाक्का त्यावर लोणी चोळत राहिली. आधी तिची बोटे जड झाली, मग तळवे, मग मनगटे. ती थांबली नाही.

राज्यात गुढ्या उभारल्या गेल्या. राजाने हत्तीवरून साखर वाटली. मंजिष्ठा येसाक्काच्या पाया पडली, आणि येसाक्काने पदरात झाकलेला हात सवयीने तिच्या डोक्यावरून फिरवला. मंजिष्ठेचे कपाळ खरचटले.

"येसाक्का, पदर काढ."

पदराखाली हात नव्हते, दोन फांद्या होत्या. मंजिष्ठेने उरलेसुरले सगळे लोणी आणून त्यांवर चोळले. ते वरच्या वर राहिले.

"लाकडात मुरत नाही, बाळ. राहू दे."

"कुणाच्या हाताने मुरेल?"

येसाक्का खोटे बोलायला शिकली नव्हती. सगळे ऐकून मंजिष्ठा उठली आणि तिने झाकलेले गाडगे उघडले.

"त्या मातीच्या आहेत!" येसाक्का ओरडली. "त्या गेल्या तर झाड गेलं!"

"साल कोपरावर चढलीय, येसाक्का. झाड मला न्हाऊ घालत नव्हतं. तू घालत होतीस."

सगळ्याच बिया लागल्या, कारण हात शिकाऊ होते, आणि पहिला घाणा तिने करपवला. सिंहासनाचा दुसरा पाय तिने स्वतः तोडला. मग परातीत वडी आणि लोणी घेऊन ती भर दरबारात येसाक्कासह उभी राहिली. वडिलांना तिने बाबा म्हटले नाही.

"महाराज, हात बाहेर काढा. नाहीतर मी घासते, आणि साल पुन्हा माझ्या अंगावर घेते. तिसऱ्यांदा घासायला आता कुणी नाही."

राजाने मुलीकडे पाहिले. ती वडी उचलत होती. त्याने शालीतून हात काढले. येसाक्कासाठी नव्हे, हे कोणी विसरू नये. त्याने लोणी मुठीत दाबले, डोळे घट्ट मिटले आणि त्या फांद्यांवर वडी फिरवली.

साल कोंड्यासारखी गळून पडली. खालून येसाक्काचे जुने, भेगाळलेले, माणसाचे हात निघाले. राजा डोळे मिटूनच घासत होता. शेवटी मंजिष्ठेने त्याला थांबवले.

त्याने एक डोळा उघडला. मग दुसरा. आपले हात उलटेसुलटे केले. हात होते तसेच होते. थोडे तुपकट झाले होते आणि त्यांना रातांब्याचा आंबूस वास येत होता.

"एवढंच?" राजा म्हणाला.

"एवढंच होतं, महाराज," येसाक्का म्हणाली.

राज्य पुन्हा ताळ्यावर आले. सोन्याचे हंडे खड्ड्यात परत गेले. राजाच्या जागी मंजिष्ठा राज्य करू लागली, आणि तिने सिंहासनाला नवे पाय लावू दिले नाहीत. न्हाणीघरात पुन्हा पाणी तापू लागले.

मग एके दिवशी धनेश न्हाणीघराच्या खिडकीत येऊन बसला.

"शाप मी परत घेतला," तो म्हणाला. "मातीच्या बिया कुठे पेरल्या? मी पहारा देईन."

मंजिष्ठेने तोंड फिरवले. येसाक्काने उरलेला लोण्याचा गोळा आणून खिडकीत ठेवला. सगळ्या बियांचे आता तेवढेच उरले होते. त्यावर राजाची पाच बोटे स्पष्ट उमटली होती.

पक्ष्याने मान वाकडी करून त्या बोटांकडे बराच वेळ पाहिले. मग तो उडाला. तो कुठे गेला ते कोणालाच माहीत नाही. त्या राज्यात त्याला बसायला झाड नव्हते.