धुरपदेचे रांजण

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका, माझ्या पणजीलाही ती ऐकूनच ठाऊक होती. ओढ्याकाठी रांजणपेठ नावाचं गाव होतं. तिथल्या रांजणातलं पाणी असं गार, की ते रांजण न्यायला लांबलांबून गाड्या यायच्या. पेठ वाढली, तसे आवेही वाढले. आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी. तिला लाकूड लागतं, आणि वरच्या डोंगरावर ते मुबलक होतं.

मग एका उन्हाळ्यात पेठेची विहीर आटली. लोकांनी ती खोल केली. पुढच्या उन्हाळ्यात आणखी खोल केली. शेवटी कातळ लागला आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मुलखाला पाण्याचे रांजण पुरवणारी पेठ, आणि घरच्या रांजणात पाली फिरतायत! कुंभारांनी गाव सोडायचं ठरवलं.

सगळ्यात मोठा आवा होता धुरपदा कुंभारणीचा. तिच्या लेकानं, भिवानं, रांजण गाडीत भरले आणि म्हणाला, "आये, चल."

"अरे, पण पाणी गेलं कुठं? एवढं तरी कळू दे," धुरपदा म्हणाली. तिच्या डोक्यात एकदा काही शिरलं की तिला घास गोड लागायचा नाही. पेठ उठली तर नवऱ्याच्या हातची ती भट्टी, ती शेजारपाजारची माणसं, सगळंच संपणार होतं. ती निघाली कोरड्या ओढ्यानं वर.

वाटेत वावरं लागली. "तुम्ही पाणी अडवलंत का रे?" तिनं विचारलं.

"अडवू की, पण येतंय कुठं?" शेतकरी म्हणाले. "पावसात लोंढा येतो, माती घेऊन जातो. वर जाऊन बघ."

वर ठाकरवाडी होती. तिथल्या म्हाताऱ्या लहानूनं तिला तोडलेल्या झाडाच्या एका बुंध्यावर बसवलं. "बाय, जिच्यावर बसलीस ना, ती हिरडी तुझ्याच आव्यात गेली. झाडं होती तवर डोंगर पाणी धरून होता."

धुरपदेला रडूच फुटलं. तो आवा तिनं याच हातांनी पेटवला होता.

डोळे पुसून तिनं विचारलं, "पुन्हा झाडं लावली तर?"

"रोपं देतो की. पण उन्हाळ्यात ती जगवणार कशी?"

धुरपदा विचारात पडली. रांजण पाझरतो, म्हणून तर पाणी गार राहतं. मग तो भरून रोपाशेजारी पुरला, तर मुळांना ओल मिळत राहील की!

ती धावतच खाली आली. "भिवा, गाडी डोंगराकडं वळव."

"खुळी झालीस का आये? हा माल विकून नव्या गावी घर बांधायचंय!"

"नव्या गावालाही डोंगर असेलच की रे. तोही जाळायचा का?"

भिवानं कासरा हातात घेतला. त्यानं बैल डोंगराकडं वळवले, आणि ते पाहून बाकीच्या कुंभारांच्या गाड्याही वळल्या.

ठाकरांनी रोपं दिली. शेतकऱ्यांनी आपल्या विहिरींतलं उरलंसुरलं पाणी दिलं. बदल्यात कुंभारांनी त्यांना आव्याची राख दिली आणि लाकडाऐवजी त्यांच्या तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, जाळल्या. रांजण गळ्यापर्यंत पुरले गेले. असं म्हणतात, धुरपदा रोज वर जाऊन एकेका रांजणावर टिचकी मारायची, आणि तिनं टिचकी मारलेला रांजण कधी रिता झाला नाही. पाणी लगेच आलं नाही हं. रोपं तिच्याहून उंच झाली, तेव्हा कुठं विहिरीचा कातळ कडाडला आणि खालून झरा उसळला. असं म्हणतात, तो आवाज शेजारच्या गावांनीही ऐकला.

पुढं एक दिवस म्हातारी धुरपदा डोंगरावर गेली ती परतलीच नाही. भिवाला तिथं एक नवा रांजण मिळाला, काठोकाठ भरलेला, कुणीही न घडवलेला. माना, नाहीतर सोडून द्या.

अजूनही पेठेत वर्षाचा पहिला घडवलेला रांजण, न भाजता कच्चाच, डोंगरावर जातो. तो नेणारा डोंगर राखणाऱ्या ठाकरवाडीला विचारतो, "आवा पेटवू का?" एरवी चहा पाजून ते हो म्हणतात. मागं एका वर्षी पाऊस रुसला, झरा बारीक झाला. आवा पेटवायचा म्हणजे आधी माती मळायला पाणी लागतंच. वाडी म्हणाली, "यंदा नको." पेठेत कुरकुर झाली, दोन शिव्याही ऐकू आल्या. पण त्या वर्षी धुरपदेच्या नावाखातर एकाही घरानं आवा पेटवला नाही.