दर्याशा बावाचा चालता उंबरठा

या सड्यावर, गावावरच्या या कातळमाळावर, हा काळा दगड आडवा पडलेला दिसतोय ना, त्याला पाय लावू नका. बसायला तर मुळीच नको. ओलांडायचा तर खुशाल ओलांडा, पण उजवा पाय आधी आणि पाऊल जरा उंच, जसं कुणाच्याही घरात शिरताना उचलतो तसं. कारण हा उंबरठा आहे.

दार कुठे म्हणता? दार नाही. भिंत नाही. चहूकडे कातळ आणि करवंदीची जाळी. पण नीट बघा, दगड मधोमध झिजलाय, आणि दोन्ही टोकांना चौकट बसवायच्या खाचा आहेत. आमचा सगळा मुलूख जांभ्याचा, कुठेही खणा, लालच निघणार. हा काळा दगड इथला नव्हे. तो तिकडच्या घरचा. खाली खाडीच्या तोंडाशी, माडांच्या शेंड्यांवर पांढरा घुमट दिसतोय, तो दर्याशा बावाचा दर्गा. इथून चालत निघालात तर वाटेत कुठेतरी पाणी मागावं लागेल, एवढं अंतर.

उंबरठा इतक्या लांब आला कसा? चालत आला. हसा, हसा. आमच्या घरची मंडळीही हसतात. पण भर दुपारी या वाटेने एकटं कुणी येत नाही.

फार मागची गोष्ट, असे सांगतात. बावा दर्यावरून आला, खाडीच्या तोंडाशी बसला आणि तिथेच मातीआड झाला. त्याच्या दाराला अडसर असा कधी नव्हताच. मुसलमान यायचे, भंडारी यायचे, कोळी यायचे. कोळणी मासळीची पाटी बाहेर उतरवून आत डोकं टेकायच्या, भंडारी माडावरून उतरला की कमरेचा कोयता दाराशी ठेवून आत जायचा. आणि एका वर्षी खाडीकाठाला पटकी आली. घरंच्या घरं गेली. त्या दिवसांत जो तो आपापलं दार लावत होता. देवळात परक्या गावच्या माणसाला घेईनात, विहिरीवर शेजाऱ्याला घेईनात. दर्ग्यातली मोठी माणसंही जमली आणि ठरलं, की कुणीही कसाही आत शिरतो म्हणून हा कोप झाला. यापुढे जो मुसलमान नाही त्याने उंबरठ्याच्या आत यायचं नाही.

हे राखायचं काम आलं कासम खतीबावर. तो दर्ग्याचा नवा मुजावर, म्हणजे झाडलोट, दिवाबत्ती, चादर बघणारा. माणूस वाईट होता का? छे. सरळ होता, आणि पटकीत त्याचा पाठचा भाऊ गेला होता. दार नीट राखलं असतं तर भाऊ वाचला असता, हे त्याच्या मनाने घेतलं होतं. त्याने सगळ्यांसमोर उंबरठ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "या उंबरठ्याच्या आत परधर्माचं पाऊल पडू देणार नाही. हा उंबरठा जिथे, तिथे मी. बाहेरच्या अंगाला बसेन आणि याला सोडून उठणार नाही."

चूक इथेच झाली, असं आमचे म्हातारे म्हणायचे. शपथ दर्ग्याची घ्यायची, नाहीतर दाराची घ्यायची. ह्याने घेतली दगडाची.

खालच्या आळीत आवडू नावाची भंडारीण राहायची. नवरा माडावरून पडून गेलेला, पदरी एकच पोर, भागू. ही भागू आईबरोबर ओहोटीला कालवं काढायला गेली आणि भर उन्हात खडकावर उभी राहून समुद्राकडे बघत राहिली. आईने ओढून घरी आणली, ती डोळे उघडे ठेवूनच निजली. बोलेना, खाईना, पापणी लववेना. हाक मारली की मान वळायची, पण नजर आपल्यावर नाही. आपल्या खांद्यावरून, मागे कुणीतरी उभं असावं, त्याच्यावर. आवडूने म्हणे दर वेळी मागे वळून बघितलं. शेवटी वळायचं सोडून दिलं.

अशा पोराला बावाच्या पायथ्याशी निजवायचं, ऊद लावायचा, उतार पडतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक. आवडूने पोर काखेला मारली आणि दर्गा गाठला. कासम उंबरठ्याबाहेर बसलेला.

"आवडू, आत नको. ठरलंय ते तुला ठाऊक आहे."

"पोर जातेय रे दादा."

"ऊद मी इथेच लावतो. पाणी देतो. दुवा मागतो. सांगशील ते करतो, पण आत नको."

त्याने बसल्या जागी ऊद लावला, पाणी दिलं, पोरीच्या कपाळावरून हातही फिरवला. भागू त्याच्या खांद्यामागे बघत राहिली. कासमाने एकदा मागे बघितलं, आणि पुन्हा नाही बघितलं.

"मी इथंच बसते," आवडू म्हणाली. "बाहेर बसायला तर बंदी नाही ना?"

"नाही."

"चोरून नेली असती. पण चोरून नेलेल्या पोरीला बावा हात लावायचा नाही."

ती भिंतीला पाठ लावून, पोर मांडीवर घेऊन बसली. दुपार चढली. वारा पडला. माडाची झावळी हलेना, खाडीचं पाणी तेलासारखं. कावळासुद्धा ओरडेना. अशा वेळी जमिनीच्या पोटातून जातं फिरवल्यासारखा आवाज आला, असे सांगतात. घरघर, घरघर, आणि थांबला. कासमाची मान जरा कलली होती. त्याने डोळे उघडले तो उंबरठा त्याच्या पुढ्यातच, पण दर्ग्याचं दार मात्र मागे राहिलेलं. उंबरठ्याच्या जुन्या जागी नुसती ओली माती, आणि त्यात उजेडाची सवय नसलेले किडे वळवळत होते. दगड ओढल्याची रेघ कुठे नाही. आणि आवडू, पाठ भिंतीलाच लावून, उंबरठ्याच्या आत.

"तू आत आलीस!"

"मी जागची हलले नाही. ही बघ पाठ, ही बघ भिंत."

कासमाने बघितलं. खरंच होतं ते. तरी म्हणाला, "मग उठ. बाहेरच्या अंगाला ये."

ती मुकाट उठली, दगड ओलांडून बाहेर आली आणि पुन्हा बसली. कासमही सरकून बसला. दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. वारा पडला, जातं फिरलं, आणि उंबरठा तिला मागे टाकून पायऱ्यांच्या तोंडाशी. पुन्हा ती उठली. पुन्हा कासम उठला. शपथ दगडाची होती, दगड जाईल तिथे जाणं आलं. दगड पायऱ्या उतरला. पायऱ्या खाली होत्या तशाच, एकीलाही टवका गेला नाही. मग माडांत शिरला.

आधी लोकांना मजा वाटली. "काय कासमभाय, आज बिऱ्हाड कुठे?" कोळी होडीतूनच ओरडायचे. कुणी म्हणे, "आमच्या अंगणात मुक्काम पडला तर सांगा, तांदूळ जास्त टाकू." कासम दगडाशी सरकून बसायचा. त्याचं तोंड उन्हाने काळं पडत चाललं होतं.

मग मजा ओसरली. कारण दगड ज्या घराला मागे टाकून जाई, त्या घरात काहीतरी बदलायचं. तिन्हीसांजेला लावलेल्या दिव्याची ज्योत वारा नसताना दर्ग्याच्या दिशेला वाकायची. चुलीवरच्या भाताला उदाचा वास यायचा. कुत्री भुंकायची बंद झाली, नुसती उठून उभी राहायची आणि भागू बघायची तसं कुणाच्या तरी खांद्यामागे बघायची. खालची आळी अर्धी आत गेली. कोळवाडा आत गेला. एका दुपारी ग्रामदेवीचं देऊळच्या देऊळ उंबरठ्याच्या आत गेलं. देवळाचा तान्या गुरव धोतर सावरत कासमाकडे धावत आला.

"कासमभाय, आता मी कुठला? आतला की बाहेरला? पूजा करू का नको?"

"मला विचारू नकोस," कासम म्हणाला. "मी येणाऱ्याला अडवायला बसलोय."

"अरे, पण आम्ही कुठे आलो? आम्ही तर होतोच!"



दगड माडांत शिरला तेव्हाच आवडू पोर घेऊन घरी परतली होती. तिचं घरही त्याच दुपारी आत गेलं. भागू आता इतकी हलकी झाली होती की उचलली तरी हाताला कळत नसे. उघड्या डोळ्यांवर धूळ बसायची, आई पदराच्या टोकाने पुसायची. कासमाने दुरून, उंबरठ्यापलीकडून हाक मारली.

"आवडू, बाहेरच्या अंगाला ये."

ती पडवीत उभी राहिली. "ही माझी पडवी. ही माझी चूल. इथून उठवून मला कुठे घालवतोस, ते तूच सांग."

कासमाने तिच्या पडवीकडे बघितलं. तो सरळ माणूस होता, म्हणूनच त्याला खोटं बोलता येईना. मग हळूच म्हणाला, "मी येणाऱ्याला अडवीन अशी शपथ घेतली. तू आली नाहीस. तू आतच आहेस. आतल्याला अडवायची शपथ मी घेतलेली नाही."

एवढं ऐकायचा अवकाश, आवडू पोर घेऊन निघाली. माडांतून, पायऱ्यांवरून, थेट दर्ग्याच्या दारात. तिथे उंबरठाच नव्हता, तेव्हा ओलांडायचं काही उरलं नव्हतं. ती आत गेली आणि भागूला बावाच्या पायथ्याशी निजवलं. ऊद लावायला आत कुणी नव्हतं, कारण मुजावर बाहेर बसलेला. तिनेच निखारे फुलवले, तिनेच ऊद टाकला.

पोरीच्या पापण्या मिटल्या. मेली, असं वाटून आवडूने तोंडावर पदर घेतला. पण ती झोपली होती, साधी, सगळी पोरं झोपतात तशी. दुसऱ्या दिवशी उन्हं कलली तेव्हा कूस बदलून उठून बसली आणि म्हणाली,

"आई, तो सड्यावर एकटाच का बसलाय?"

दर्ग्यातून सडा दिसत नाही. तुम्ही खाली जाऊन बघा, दिसत नाही. आवडूच्या अंगावर काटा आला. पोरीला तान्या गुरवाच्या बायकोकडे सोपवून ती चढण चढून इथे आली. पोरीने सांगितलं ते खरं होतं. उंबरठा गाव सोडून सड्यावर आला होता, आणि पलीकडच्या अंगाला कासम बसला होता. आसपास झाड नाही, माणूस नाही. सारं गाव आत, आणि बाहेर तेवढा राखणदार.

"कासमदादा, भागू बोलली."

त्याने मान वर केली. डोळे भरून आले होते, असे सांगतात.

"चल, आत ये."

"ये म्हणणारी तू कोण?"

"मी आतली," आवडू म्हणाली. "बाहेर उभ्या असलेल्याला आतल्यानेच ये म्हणायचं असतं."

"आणि माझी शपथ?"

"पाऊल परधर्माचं पडू नये, एवढीच ना? तुझं पाऊल तर तुझंच आहे. ये, दादा. ऊन लागतंय."

कासम उठला. गुडघे वाळल्या काटकीसारखे वाजले. त्याने उजवं पाऊल उचललं, उंच, आणि आत टाकलं. मग डावं. आवडू पाण्याचा तांब्या पुढे करणार, तोच तिचं लक्ष त्याच्या मागे गेलं. कासम तिच्या समोर उभा होता. आणि दगडापलीकडे, कातळावर, कासमाची सावली बसलेली होती. तशीच. गुडघ्यांवर हात ठेवून. सावली उठली नव्हती.

आवडूने ते त्याला सांगितलं नाही. त्यालाच पुढे कळलं. त्यानंतर कासम पुष्कळ जगला, दर्ग्याची सेवा केली, दारात आलेल्याला तू कोण, कुठला, हे पुन्हा कधी विचारलं नाही. फक्त उन्हात निघायचा नाही. माडांच्या सावल्यांतून, भिंतींच्या कडेकडेने चालायचा. लोकांनी आपल्या पायांकडे बघू नये म्हणून.

तर तुम्ही मघाशी विचारलंत, मुसलमान नसलेल्यांना आत चालतं का. नियम आजही तोच आहे. कुणी मोडला नाही, कुणी बदलला नाही. जो मुसलमान नाही त्याने बावाचा उंबरठा ओलांडायचा नाही. पण आमच्या गावात जन्मलेल्या कुणाला तो ओलांडावा लागतच नाही. आणि बाहेरून येणाऱ्यांसाठी आवडूने घालून दिलेली रीत आहे. आतल्या कुणीतरी ये म्हटलं की पुरे. मी म्हणतोच आहे, या. पण जरा थांबा, दुपार भरत आलीय.

त्या शपथेचं जे उरलं ते अजून पलीकडे बसलेलं आहे, असे म्हणतात. बावा त्याला आत घ्यायला बघतो. दगड त्याला मागे टाकून सरकतो, आणि शपथ घेतलेली ती सावली उठून पुन्हा बाहेरच्या अंगाला जाऊन बसते. माझ्या आज्याच्या वेळी हा दगड त्या जाळीच्या अलीकडे होता. आता पलीकडे आहे. कुणी सरकवला म्हणाल, तर हात लावून बघा, हलतो का.

आजही उरुसाच्या दिवशी चादर निघायच्या आधी सगळं गाव इथे येतं. भंडाऱ्यांच्या घरची एखादी बाई पुढे होते, उंबरठ्याच्या आत उभी राहते आणि मोकळ्या सड्याकडे बघून म्हणते, "ये, दादा. ऊन लागतंय." मग कुणी बोलत नाही. बसलेल्या माणसाला उठून, कपडे झटकून आत यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ आम्ही थांबतो. कुणी येत नाही. पायांखाली घरघर होते, जातं फिरवल्यासारखी. ती थांबली की आम्ही पायांकडे न बघता खाली उतरतो.