गौळणीचा गुन्हा

“…पण ती बाळाच्या तोंडाशीच का जाते, बुवा? पायाशी का नाही जात?”

मठाधिपती रंगोबुवा अंगणातल्या कट्ट्यावर शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“तोंडाला दुधाचा वास असतो, म्हणून.”

“तेच म्हणतोय मी! वासावर येते ती. आज नुसता वास, आणि उद्या…”

पुढचं बोलायला हेरंबाची जीभ धजली नाही.

बारा वर्षं काशीत न्यायशास्त्र शिकून तो दोन महिन्यांपूर्वी आंबेघोळच्या मठात परतला होता. गेला तेव्हा आठ वर्षांचा होता. आता धूर दिसला की अग्नी सिद्ध केल्याशिवाय त्याला घास गिळवत नसे. मठाच्या आवारातच त्याचं घर होतं. तिथं बहीण यमू बाळंतपणाला आली होती. तिची आधीची दोन बाळं सव्वा महिन्याच्या आतच गेली. कशानं गेली, ते कुणालाच सांगता आलं नाही. हे तिसरं मात्र सव्वा महिना ओलांडून आलं होतं, आणि आज त्याचं बारसं होतं.

आणि मठात एक मांजर होतं. पांढरं, एका कानावर काळा ठिपका असलेलं. बुवा तिला गौळण म्हणत.

“नऊ दिवस पाळत ठेवलीय मी तिच्यावर,” हेरंब म्हणाला. “ऐका. बाळ निजलं की ही त्याच्या अंथरुणात शिरते.”

“ऊब असते.”

“बाळ रडलं की कान पाडते आणि फडताळावर चढून बसते.”

“मीही चढलो असतो. गुडघे साथ देत नाहीत.”

“थट्टा नको, बुवा. परवा बाळानं तिचं शेपूट मुठीत धरलं. घट्ट. ही हललीसुद्धा नाही. नखंही काढली नाहीत.”

“मग चांगलंच की.”

“चांगलं? मांजराचं शेपूट धरलं आणि ते गप्प राहिलं, असं कधी पाहिलंय तुम्ही? विश्वास कमावतेय ती!”

बुवांनी एक दाणा तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

“जवळ आली तर दबा धरते. लांब गेली तर सोंग करते. गप्प बसली तर विश्वास कमावते,” ते म्हणाले. “बसायचं तरी कुठं बिचारीनं?”

“नदीपलीकडं. तुम्ही फक्त हो म्हणा. बाळ पाळण्यात जायच्या आत सोडून येतो.”

“तिला?”

“मग कुणाला?”

“नाही, विचारलं आपलं… आणि नऊ दिवस तू पाळत ठेवलीस, तर बाळ काय करायचं रे? हसतं का?”

हेरंब घुटमळला. बाळ हसतं की नाही, हे त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

“माझं लक्ष तिच्यावर होतं,” तो म्हणाला.

“हं.”

हेरंबाची पाठ घराच्या ओसरीकडं होती. ओसरीवर झेंडूच्या माळा लावलेला पाळणा टांगला होता. मागं बांगड्या वाजल्या. गोदाआत्या काहीतरी पुटपुटत आली, पाळण्यात काहीतरी अलगद ठेवून निरांजन आणायला आत गेली. बुवांनी ते पाहिलं. हेरंबाला फक्त पाळण्याच्या कड्या कुरकुरल्याचं ऐकू आलं.

मग त्या पुन्हा कुरकुरल्या.

तो गर्रकन वळला.

गौळण पाळण्यात होती. लाल कुंचीत गुंडाळलेलं गाठोडं निपचित पडलं होतं, आणि जिथं तोंड असावं तिथं तिनं आपलं तोंड नेलं होतं.

“बघा!” हेरंब ओरडला. “बघा, बुवा! आता तरी…”

नऊ दिवस हातातून न सुटलेला लोखंडी टोकाचा सोटा त्यानं उगारला. तीन ढांगांत ओसरी गाठली, आणि सगळा जीव एकवटून घाव घातला.

मांजर केव्हाच कुंपणावरून पार झालं होतं.

घाव कुंचीवर बसला. बरोबर टोपऱ्यावर.

ठण्ण…

तो आवाज हेरंबाच्या कानांत शिरला, पण पुढं जाईना. पाळणा हेलकावे खात राहिला. एक झेंडू सुटून त्याच्या पायावर पडला. पाळण्यात पाहायचं धैर्य त्याला झालं नाही.

“दादा?” माजघराच्या दारातून यमू म्हणाली. “कसला आवाज झाला रे?”

तिच्या खांद्यावर बाळ होतं. आत्ताच पिऊन झालेलं. ओठांच्या कडेला दूध होतं.

हेरंबानं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा पाळण्याकडं. मग तो मटकन खाली बसला.

रंगोबुवा गुडघ्यांवर हात देत ओसरी चढले. त्यांनी कुंची उलगडली. आत वरवंटा होता. त्याच्यावर हळदीकुंकवाची बोटं होती, आणि घाव बसला तिथून एक टवका उडाला होता.

त्या भागात बारशाला पाळण्यात आधी बाळ घालत नाहीत. आधी वरवंटा घालतात. नटवलेला, बाळासारखा गुंडाळलेला. त्याला ओवाळायचं, जोजवायचं, यायची ती पीडा त्याच्यावर येऊ द्यायची, आणि मग बाळ. गावातल्या शेंबड्या पोरीलाही हे ठाऊक असतं. बारा वर्षं ग्रंथांत गेलेल्या हेरंबाला ते ठाऊक नव्हतं.

“अगं बाई!” निरांजन घेऊन आलेली गोदाआत्या दारातच थबकली. “वरवंटा कुणी फोडला गं?”

हेरंबानं मान वर केली. “बुवा… मी… ती तोंडाशी… मला वाटलं…”

बुवांनी यमूकडून बाळ घेतलं. बाळानं त्यांच्या दाढीकडं पाहिलं आणि बोळकं पसरून हसलं.

बुवा हेरंबापुढं उकिडवे बसले. बाळ त्याच्याकडं केलं. हेरंबानं डावा हात पुढं केला. उजव्या हाताची मूठ अजून सोट्यावर तशीच वळलेली होती.

बुवांनी बाळ मागं घेतलं.

“असं नाही,” ते म्हणाले. “याला दोन्ही हात लागतात.”