सर्जेरावाचं मशीन आणि मालनचं जोडवं

“सुरुवात कुठून करू, बाबा? एवढंच सांगा.”

असं म्हणत सर्जेराव दावलबाबांपुढं येऊन उभा राहिला. बसला न्हाई. बसणार कसा? पायात खिळ्यांचे बूट, कानावर दोन वाट्या आणि हातात ते धूड.

धूड म्हंजे मशीन. लांब दांडा, खाली तव्याएवढी थाळी, मधी डबा, डब्यावर बटणं. जमिनीत लोखंड, चांदी, सोनं काय असंल ते वरनंच ओळखायचं आणि वरडायचं, एवढंच त्याचं काम. जुन्या बाजारातनं आणलेलं. वयानं माझ्याहून थोडंच धाकटं असंल. दांड्याला चिंधी, डब्याला सुतळी. कानातल्या वाट्या फुटक्या, त्यामुळं त्याच्या कानातलं आम्हाला बी ऐकू यायचं.

दावलबाबा आमच्या नदीकाठच्या दर्ग्यातले फकीर. दर्ग्याला लागून वाळू, वाळूत टरबुजाच्या वाड्या.

“कसलं म्हणायचं हे?” बाबांनी इचारलं.

“पलटणीतलं आहे. वाळूत सुई पडली तरी सांगतं.”

“मग सुईच पाडायची होती. जोडवं कशाला पाडलंस?”

आम्ही बाया करंजाखाली फुलांच्या पाट्या घेऊन बसलेलो. हसलो. सर्जेरावानं आमच्याकडं असं बघितलं, जसं काय आम्हीच ते गिळलंय.

जोडव्याचं सांगते. सर्जेरावाची बायको मालन, आमच्याच गावची लेक. नवंच लगीन. उरसाला दोघं आली. हा पुढं, ती मागं. हा असा चालायचा, जसं काय मागं कुणी न्हाईच. वाळूत तिच्या डाव्या पायातलं जोडवं निसटलं. तिनं हाक मारली.

“अहो!”

नवऱ्याचं नाव कसं घेणार?

“अहो” म्हणल्याबरोबर उरसातले समदे नवरे वळले. पाळणेवाला वळला. भज्याच्या कढईवरचा वळला. एक म्हातारं, त्याची बायको जाऊन कैक वर्सं झालेली, ते बी वळलं.

न्हाई वळला तो एकच.

मालन तिथनंच बापाच्या वाडीवर गेली. निरोप धाडला, आता मी येत न्हाई. सर्जेरावानं मनाशी ठरवून टाकलं, जोडव्यापायी रुसली. हुडकून दिलं की येईल.

“बाबा, घर खायला उठतंय हो,” तो म्हणाला. तेवढं मात्र खालच्या आवाजात.

“चालू कर.”

बटण दाबलं.

कुईंऽऽऽ!

“इथं आहे!” सर्जेराव गुडघ्यावर. वाळू उकरली. ढोपरभर खड्डा. काय न्हाई.

दोन पावलं पुढं. कुईंऽऽऽ!

“इथंही आहे!”

पुन्हा खड्डा. पुन्हा काय न्हाई.

“आगं बया,” आमच्यातली हौसाक्का म्हणाली, “नदीत वाळू हाय का समदी चांदीच?”

बाबा उठले. त्याच्या हातातनं दांडा घेतला. मी म्हणलं, आता बाबा दाखवतील कसं फिरवायचं ते... बाबांनी थाळी उचलली आणि सर्जेरावावरच फिरवली.

बूट. कुईं!

खिसा. कुईं!

मनगट. कुईं!

कंबर. कुईं कुईं कुईं!

“ठेव काढून,” बाबा म्हणाले.

खिळ्यांचे बूट निघाले. किल्ल्यांचा जुडगा निघाला. घड्याळ निघालं. पट्टा निघाला.

कंबर. कुईं!

“आता काहीच नाही, बाबा.”

कुईं!

“देवाशपथ काही नाही!”

“करदोडा असंल की रं!” हौसाक्का वरडली.

सर्जेराव लाल. बारशाला आईनं चांदीचा करदोडा कमरेला घातलेला. अंगाबरोबर कड्या वाढवत गेले. अंघोळीला निघत न्हाई, झोपताना निघत न्हाई. हाय हेच गडी इसरलेला.

“हा कसा काढू, बाबा? आईनं घातलाय.”

“तुला चांदी हुडकायचीय, का दाखवायचीय?”

करंजाच्या बुंध्यामागं गेला. करदोडा काढून आला. पट्टा न्हाई, त्यामुळं एका हातानं प्यांट धरलेली.

बाबांनी मशीन त्याच्या दुसऱ्या हातात दिलं.

त्यानं थाळी वाळूवर धरली.

...

“बंद पडलं!” त्याचा चेहरा उतरला. “बाबा, बिघडलं!”

“बिघडलं न्हाई. गप बसलंय.”

“गप बसल्यावर कळायचं कसं?”

बाबा तंबाखू मळत बसले.

मग आमचा शिष्य लागला फिरवायला. आधी झाडू मारल्यागत सपासप. बाबा म्हणाले, हळू. मग कमरेएवढ्या उंचीवरनं. बाबा म्हणाले, खाली. मग जरा जमलं. कुईं झालं की उकरायचा. बाटलीचं बूच. बैलाच्या खुराची पत्री. मोडका चमचा. एक घुंगरू, त्यात वाळू भरलेली. दरवेळी “सापडलं!” म्हणून वरडायचा आणि प्यांट निसटायची. आम्ही बाया पदर तोंडाला लावून बसलेलो. धंदा कुणाला सुचतोय.

दमला. वाळू तर त्या टोकापासनं ह्या टोकापर्यंत.

“बाबा, एवढ्या वाळूत ते पडलं कुठं, कसं समजावं?”

“जिचं पडलं तिला इचार.”

“ती बोलत नाही माझ्याशी.”

“बोलू नको म्हणावं. नुसतं चालून दाखव.”

हौसाक्कानं तिथनंच आरोळी ठोकली, “मालनेऽऽ!”

मालन वाडीतनं आली. येलांना पाणी घालत होती. पदर खोचलेला, पाय घोट्यापर्यंत चिखलानं माखलेले. नवऱ्याकडं बघितलं न्हाई. पर प्यांट धरलेला हात तिनं बघितला. ओठ दाबून धरले.

“पोरी,” बाबा म्हणाले, “पायातले पैंजण तेवढे काढून ठेव. आणि उरसाला चाललीस तशी चाल.”

“आणि मी?” सर्जेराव.

“तू मागनं.”

“मी? हिच्या मागून?”

त्यानं आमच्याकडं बघितलं. काठावर बघितलं. धुणं टाकून बाया उभ्या, म्हशी सोडून गडी उभे.

“तू पुढं गेलास तर ती कुठनं गेली ते दिसंल का तुला?”

मालन चालायला लागली.

सरळ चालली म्हणता? न्हाई बाई! टरबुजाच्या येलांतनं गेली. तिथनं पाण्यात शिरली, पाण्यातनं भाईर, बापाच्या खोपीला वळसा, दर्ग्याच्या निशाणाला वळसा, मग मुद्दाम आमच्या पाट्यांसमोरनं. मागं हा. अनवाणी, तापल्या वाळूत टुणटुण उड्या मारत. एका हातात मशीन, एका हातात प्यांट, नजर तिच्या टाचांवर.

“जावईबापू, उरसात इथंपतोर आला होता का वो?” मी इचारलं.

“आता ती जाईल तिकडं!” घाम पुसायला बी हात मोकळा न्हाई.

मालननं पाय उचलला झपाझपा. ह्याला झेपंना. शेवटी त्यानं समद्यांदेखत हाक मारली.

“मालन! अगं थांब ना!”

ती थांबली. हाकेसरशी वळली. तोंड त्याच्याकडं.

हा धापा टाकत तिच्यापाशी पोचला. थाळी गेली तिच्या पायापाशी.

कुईं!

“उजव्या पायातलं ओरडतंय,” तो जाणकारासारखा म्हणाला. “ते आहेच.”

थाळी डावीकडं सरकवली.

कुईंऽऽऽ!

“इथं! इथंच आहे! तुझ्या पायाखाली! पाय उचल!”

तिनं डावा पाय उचलला. मशीन गप.

“गेलं कुठं? ...ठेव बघू पाय.”

ठेवला. कुईं!

“उचल.”

गप.

“ठेव.”

कुईं!

उचल, गप. ठेव, कुईं. आता तो सांगायच्या आधीच मालन पाय उचलायची आणि ठेवायची. काठावरचे गडी ठेका धरायला लागले. हौसाक्का तर पाटीवर आडवी झाली.

सर्जेराव मशीन ठेवून खाली बसला. मालनचा पाय हातात घेतला. चिखल पुसला.

बोटात जोडवं. चकचकीत.

“हे... हे कधी?”

“त्याच सांजेला. निऱ्यांत अडकून बसलेलं.”

“मग सांगायचंस की मला!”

“सांगणार होते. पर तुम्हाला हाक मारायची म्हंजे...” मालन म्हणाली, “उगं लोकांच्या नवऱ्यांस्नी तरास.”

असं हसू फुटलं म्हणता! पाण्यातल्या म्हशींनी माना वर केल्या. आधी वाटलं, गडी आता तापणार. त्याचा ओठ हलला, नाक हललं... आणि तो बी हसला. पोट धरून हसला. प्यांटीचं भान आलं तवा एका हातानं ती धरली. दुसऱ्या हातात पाय होता, तो काय सोडला न्हाई. मालननं बी सोडवून घेतला न्हाई.

मालनच्या बापानं टरबूज फोडलं. पहिली फोड बाबांना दिली.

सर्जेराव तसाच वाळूत बसून म्हणाला, “बाबा, तुम्हाला ठाऊक होतं?”

बाबा फोड खात होते.

“बाबा, जोडवं तर हिच्या पायातच होतं. मग सकाळपासून मी हुडकत काय होतो?”

बाबांनी बिया थुंकल्या. दाढीवरचा रस पुसला...

“मला काय इचारतोस? मशीन तुझं हाय.”